पंच नसलेला खेळ

स्मरणिका समितीचा निरोप आला, "तू दर शनिवारी शाळेत मुलांना ते काय तबकडीचं शिकवतोस, त्यावर चार ओळी लिही." निरोप देणाऱ्या मैत्रिणीला वाटले असेल, एक पान मजकूर आणि एक छायाचित्र, एवढ्यात भागेल. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले, की या खेळाचा इतिहास म्हणजे एका शाळेचा आणि तिच्या माजी विद्यार्थ्यांचा इतिहास आहे. शाळा सुटल्यावर मुले सोबत काय घेऊन जातात, याची ती गोष्ट आहे. माजी विद्यार्थ्यांच्या अंकात ती सविस्तर यायला हरकत नाही. लेखाच्या शेवटी माझा स्वतःचा एक जुना हिशेब आहे. तोही इथेच मांडायला हवा होता.

खेळाचे नाव अल्टिमेट. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन संघ, प्रत्येकी ७ खेळाडू. मैदान १०० मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद, दोन्ही टोकांना १८ मीटरचा एकेक पट्टा. १७५ ग्रॅम वजनाची प्लास्टिकची तबकडी आपल्या गड्यांकडे फेकत फेकत पुढे न्यायची आणि समोरच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्या गड्याने ती झेलली, की एक गुण. तबकडी हातात असताना पळायचे नाही. एक पाय जागेवर रोवून उभे राहायचे आणि १० सेकंदांच्या आत फेकायची. खाली पडली, बाहेर गेली किंवा समोरच्याने अडवली, की ती त्यांची. अंगाला अंग भिडवायचे नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे मैदानावर पंच नसतो. जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यातही खेळाडूच एकमेकांशी बोलून निर्णय घेतात.

हे शेवटचे वाक्य मी पालकांना सांगतो तेव्हा ते हसतात. कबड्डीच्या गावात वाढलेल्या माणसाला हसू येणारच. मलाही आले होते.

ताटलीपासून तबकडीपर्यंत

गोल, चपटी वस्तू हवेत भिरकावून द्यावी असे माणसाला फार पूर्वीपासून वाटत आले आहे. आपणही मधल्या सुट्टीत डब्यांची झाकणे भिरकावली आणि त्यापायी छड्याही खाल्ल्या. अमेरिकेत मात्र त्या झाकणाचा धंदा झाला.

कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्ट या गावी विल्यम रसेल फ्रिस्बी यांनी १८७१ साली बेकरी सुरू केली. फळांचे सारण भरून भाजलेला 'पाय' नावाचा पदार्थ पत्र्याच्या उथळ ताटलीत मिळे आणि ताटलीवर बेकरीचे नाव ठोकलेले असे. जवळच्या येल विद्यापीठातील विद्यार्थी खाऊन झाल्यावर रिकाम्या ताटल्या एकमेकांकडे भिरकावत, असे सांगतात. तिकडे लॉस एंजेलिसमध्ये फ्रेड मॉरिसन नावाचा तरुण १९३७ साली पॉपकॉर्नच्या डब्याचे झाकण आपल्या मैत्रिणीबरोबर फेकत होता. झाकणाला पोचे पडले, की ते नीट उडेना, म्हणून दोघांनी केकची ताटली घेतली. एकदा समुद्रकिनाऱ्यावर ती फेकत असताना एका माणसाने ती २५ सेंटला मागितली. दुकानात तिची किंमत होती ५ सेंट. मॉरिसनचे डोळे उघडले. त्या मैत्रिणीशी पुढे त्याचे लग्न झाले आणि दोघांनी जत्रांमधून ताटल्या विकल्या.

दुसऱ्या महायुद्धात मॉरिसन वैमानिक होता. परतल्यावर त्याने प्लास्टिकची तबकडी बनवण्याची खटपट केली. १९४८ साली पहिली तबकडी बाजारात आली आणि १९५५ साली सुधारलेली. १९५७ साली व्हॅम-ओ या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने तिचे हक्क घेतले आणि त्याच वर्षी तिला 'फ्रिस्बी' हे नाव दिले. स्पेलिंगमध्ये थोडा फरक केला, एवढेच. गंमत अशी, की मूळची बेकरी पुढच्याच वर्षी, १९५८ साली बंद पडली. ताटली गेली, नाव उरले. १९६४ साली एड हेड्रिक या त्या कंपनीतील माणसाने तबकडीच्या पाठीवर बारीक वर्तुळाकार उंचवटे दिले. त्यामुळे ती हवेत डगमगेनाशी झाली आणि जिथे फेकावी तिथे जाऊ लागली. खेळण्यातून खेळ निघण्यासाठी एवढा नेमकेपणा लागत होता.

मेपलवूडची शाळा

न्यूयॉर्क शहराच्या पश्चिमेला न्यू जर्सी राज्यात मेपलवूड नावाचे गाव आहे. तिथे कोलंबिया हायस्कूल ही सरकारी शाळा आहे. १९६८ च्या उन्हाळ्यात तिथला जोएल सिल्व्हर नावाचा विद्यार्थी मॅसॅच्युसेट्समध्ये माउंट हर्मन येथे सुट्टीच्या शिबिराला गेला. तिथे जेरेड कास नावाचा कॉलेजात शिकणारा तरुण मुलांना शिकवायला होता. कास आणि त्याचे मित्र ॲमहर्स्ट कॉलेजात तबकडी घेऊन फुटबॉलसारखा एक खेळ खेळत. त्याने तो शिबिरातल्या मुलांना दाखवला. सुट्टी संपली, शिबिर संपले, मुले आपापल्या घरी गेली.

शाळा सुरू झाल्यावर सिल्व्हरने विद्यार्थी मंडळाच्या सभेत ठराव मांडला, की शाळेच्या अभ्यासक्रमात फ्रिस्बी आणता येईल का, याचा विचार करण्यासाठी एक समिती नेमावी. ठराव अर्धा गमतीचा होता. सभेला कंटाळलेली मुले असले ठराव मांडतात, हे आपल्या वर्गातील माजी वर्गप्रतिनिधींना सांगायला नको. पण गमतीतून खेळ सुरू झाला. विद्यार्थी मंडळाची मुले एका बाजूला आणि शाळेच्या वर्तमानपत्राची मुले दुसऱ्या बाजूला. शाळेच्या संघात जागा न मिळालेली, चष्मेवाली, वादविवादात पुढे असणारी मुलेच त्यात जास्त होती.

मैदान त्यांना कोण देणार? मैदाने मान्यवर खेळांच्या ताब्यात होती. मुले शाळेच्या वाहनतळावर खेळू लागली. डांबरी जमीन, पांढरे पट्टे आधीच आखलेले, आणि रात्री दिव्यांचा उजेड. वाहनतळ जिथे संपे तिथे मैदानाची हद्द. हजर असतील तितके गडी दोन बाजूंना वाटून घ्यायचे. सुरुवातीला तबकडी घेऊन पळायलाही परवानगी होती. मग ती काढली, कारण पळण्यापेक्षा फेकण्यात मजा जास्त आहे, हे खेळता खेळताच त्यांच्या लक्षात आले.

सिल्व्हर, त्याचा मित्र बझी हेलरिंग आणि जॉन हाइन्स यांनी १९७० साली नियम कागदावर उतरवले. आपल्याकडे खो-खोला लेखी नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यातील जाणत्या मंडळींनी १९१४ साली दिले. इथे ते शाळकरी मुलांनी दिले. संघाचे छायाचित्र काढायचे ठरले तेव्हा त्यांनी शाळेच्या सफाई कर्मचाऱ्यालाच 'जनरल मॅनेजर' म्हणून सोबत उभे केले. मला आपले शिपाईमामा आठवले. सुट्टीच्या दिवशी फाटक उघडून देण्याबद्दल त्यांनाही आपण असे एखादे पद द्यायला हवे होते.

७ नोव्हेंबर १९७० रोजी कोलंबिया हायस्कूल आणि शेजारच्या मिलबर्न हायस्कूलचा पहिला आंतरशालेय सामना झाला. कोलंबियाने तो ४३ विरुद्ध १० असा जिंकला. ज्यांनी नियम लिहिले ते जिंकणारच.

माजी विद्यार्थ्यांची करामत

खेळ इथेच संपू शकला असता. प्रत्येक शाळेत असे खेळ असतात. आपणही व्हरांड्यात खडू आणि डस्टरने खेळायचा एक खेळ काढला होता. त्याचे नियम आज आपल्यापैकी कोणाला धड आठवणार नाहीत. आपली बॅच बाहेर पडली आणि खेळ मेला.

मेपलवूडच्या मुलांनी तसे होऊ दिले नाही. दहावी-बारावीनंतर आपण जसे पांगलो तसेच तेही वेगवेगळ्या कॉलेजांत पांगले. पण जाताना प्रत्येकाने बॅगेत तबकडी आणि नियमांचा कागद ठेवला. जिथे गेले तिथे त्यांनी संघ उभे केले. ६ नोव्हेंबर १९७२ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांत पहिला आंतरविद्यापीठ सामना झाला. अमेरिकेतला पहिला आंतरविद्यापीठ फुटबॉल सामना याच दोन विद्यापीठांत, याच जागी, बरोबर १०३ वर्षांपूर्वी झाला होता. ती जागा आता वाहनतळ झाली होती, त्यामुळे या मुलांना ती परकी वाटली नसेल. रटगर्सने सामना २९ विरुद्ध २७ असा जिंकला. १९७५ च्या एप्रिलमध्ये येल विद्यापीठात ८ कॉलेजांची स्पर्धा भरली. ज्या येलमध्ये ताटल्या उडाल्या असे सांगतात, तिथेच.

बझी हेलरिंगने यातले काहीच पाहिले नाही. प्रिन्स्टनमध्ये पहिल्या वर्षाला असताना १९७१ साली मोटार अपघातात तो गेला. ज्या कॉलेजात तो शिकायला गेला, त्याच कॉलेजाने पुढच्या वर्षी त्याच्या नियमांनी सामना खेळला. आपल्या बॅचनेही दोन मित्र असेच लवकर गमावले. या मेळाव्यात त्यांची नावे घेऊन आपण दोन मिनिटे उभे राहणार आहोत. तेव्हा मला या मुलाचीही आठवण होईल.

जोएल सिल्व्हर पुढे हॉलिवूडचा मोठा निर्माता झाला. 'डाय हार्ड', 'द मॅट्रिक्स' हे चित्रपट त्याच्या नावावर आहेत. खेळ त्याच्याशिवाय वाढत राहिला. १९८३ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली, १९८५ साली जागतिक महासंघ स्थापन झाला, २००१ साली जपानमधील अकिता येथे अल्टिमेट वर्ल्ड गेम्समध्ये आले आणि २०१५ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने महासंघाला पूर्ण मान्यता दिली.

आणि जेरेड कास? तो पुढे प्राध्यापक झाला. एका उन्हाळ्यात मुलांना सहज शिकवलेल्या खेळाचे पुढे काय झाले, याचा त्याला तीसहून अधिक वर्षे पत्ताच नव्हता. खेळाचा इतिहास शोधणारे त्याच्या दारापर्यंत पोचले तेव्हा कुठे त्याला कळले. आपल्या गुरुजनांपैकी जे हा अंक वाचत असतील त्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा, अशी विनंती आहे. बाई, सर, आपण आमच्यात काय पेरलेत ते आपल्यालाही ठाऊक नाही आणि पुष्कळदा आम्हालाही उशिराच कळते.

आपला एक वर्गमित्र न्यू जर्सीत एडिसनला असतो. मागच्या वर्षी माझ्या आग्रहावरून तो मेपलवूडला जाऊन आला. वाहनतळाजवळ १९८९ साली बसवलेली एक शिळा आहे. अल्टिमेट फ्रिस्बीची ही जन्मभूमी आणि या शाळेच्या विद्यार्थ्यांनी १९६८ साली हा खेळ निर्माण केला, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर आहे. त्यात एकाही मुलाचे नाव नाही. श्रेय शाळेच्या विद्यार्थ्यांना.

पंच का नाही?

सुरुवातीच्या नियमांत पंचाला बंदी नव्हती. पण रात्रीच्या वेळी वाहनतळावर पोरांच्या खेळाला पंच कोण येणार? मुले आपसातच निकाल लावू लागली. सोय म्हणून सुरू झालेली गोष्ट खेळाचा कणा झाली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नियमपुस्तिकेत तिला कलमाचे रूप मिळाले. इंग्रजीत त्याला 'स्पिरिट ऑफ द गेम' म्हणतात. मी मुलांना 'खेळाचा धर्म' म्हणून सांगतो, म्हणजे त्यांना लगेच कळते.

प्रत्यक्षात ते असे चालते. मला धक्का लागला असे मला वाटले, तर मी 'फाऊल' म्हणायचे. खेळ थांबतो. समोरच्याने 'मान्य' म्हटले तर त्याप्रमाणे पुढे जायचे. त्याने 'अमान्य' म्हटले आणि बोलूनही एकमत झाले नाही, तर तबकडी आधीच्या फेकणाऱ्याकडे परत जाते आणि तो डाव पुन्हा खेळला जातो. दोघांपैकी कोणीही खोटा ठरत नाही. सामना संपल्यावर दोन्ही संघ एकाच वर्तुळात, एकाआड एक उभे राहतात आणि काय चांगले झाले, काय खटकले ते बोलतात. मग प्रत्येक संघ समोरच्या संघाला ५ बाबींवर गुण देतो. नियमांची जाण, अंगाशी न भिडणे, निःपक्षपातीपणा, स्वतःवर ताबा आणि बोलण्याची रीत. प्रत्येकी ० ते ४. स्पर्धेत विजेत्याबरोबर या गुणांत पहिल्या आलेल्या संघालाही बक्षीस असते.

हे सगळे फार गोड आहे आणि नेहमी असेच चालते, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत २०१२ साली व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा त्यांनी पंच नेमले. पैसा आणि प्रेक्षक आले, की माणसाच्या शब्दावर किती विसंबायचे, हा प्रश्न येतोच. पण शाळेच्या मैदानावर पैसा नाही आणि प्रेक्षक म्हणजे कुंपणावर बसलेले कावळे. तिथे हा प्रयोग करून बघायला काय हरकत आहे, असे मला वाटले.

चेन्नईचा किनारा, आपले पटांगण

बँकेच्या बदलीमुळे मी काही वर्षे चेन्नईत होतो. बेझंटनगरच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फिरायला जात असे. तिथे वाळूत तरुण मुलेमुली एकत्र हा खेळ खेळत. कोणी संगणक कंपनीत काम करणारा, कोणी कॉलेजात शिकणारी, कोणी जवळच्या कोळीवाड्यातला पोरगा. संघ मिश्र. चेन्नईच्या अशाच एका संघावर '१७५ ग्रॅम्स' नावाचा लघुपट निघाला आणि अमेरिकेतील सनडान्स महोत्सवापर्यंत गेला. नाव अर्थातच तबकडीच्या वजनावरून. मी महिनाभर नुसता बघत होतो. सामना थांबायचा, दोघे बोलायचे, हात हलायचे, आणि भांडण न होता खेळ पुन्हा सुरू व्हायचा. मला भाषा येत नव्हती, त्यामुळे ते काय बोलतात ते कळत नव्हते. एक दिवस त्यांनी मलाच आत ओढले. माझी पहिली फेक थेट समुद्रात गेली.

निवृत्त होऊन गावी परतलो तेव्हा सहा तबकड्या घेऊन आलो. मुख्याध्यापकांना भेटलो. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तासभर पटांगण मिळाले. इयत्ता सहावी-सातवीची मुले-मुली, पहिल्या दिवशी ११.

शिकवायला सोपे आहे. आधी झेलायला शिकवायचे. भाकरी थापताना दोन तळहात येतात तसे, एक वरून, एक खालून. मग फेक. अंगठा वर, बाकीची बोटे कडेखाली, हात पोटाजवळ आणायचा आणि मनगटाने झटका द्यायचा. मुले आधी सगळी ताकद दंडातून लावतात आणि तबकडी कोंबड्यासारखी फडफडत पडते. 'जोर नको, भिंगरी हवी,' असे सांगितले, की दोन-चार प्रयत्नांत जमते. भिंगरी जितकी जास्त तितकी ती हवेत स्थिर. भोवरा फिरतोय तोवर उभा राहतो, तसेच. लहानांना मऊ आणि हलकी तबकडी द्यावी, नाहीतर बोटे दुखतात. फक्कीने छोटे मैदान आखायचे, ५-५ गडी. पूर्ण मैदान आणि सगळे नियम पहिल्याच दिवशी सांगायला गेलो ती माझी चूक. मुले उन्हात उभी राहून कंटाळली. दुसऱ्या शनिवारी ७ आली. तेव्हापासून आधी खेळ आणि लागेल तसा नियम.

मुली-मुले एकत्र खेळवण्याबद्दल एक-दोन पालकांनी विचारले. मी त्यांना येऊन बघा म्हटले. आपल्या वेळी मुलींना खो-खोच्या मोसमाशिवाय पटांगण मिळत नसे, त्या कडेला बसून आमची दप्तरे सांभाळत. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुली माझ्यापेक्षा जोरात पळत, हे मी त्या वेळी पाहिले होते. मनावर घेतले नव्हते. आज त्या शनिवारच्या खेळात सगळ्यात लांब फेकणारी मुलगी आहे.

पंच नाही हे पचायला मात्र महिने गेले. पहिले काही शनिवार मुले सारखी माझ्याकडे धावत येत. "सर, त्याने ढकललं!" मी पाठ फिरवून उभा राहायचो. एक मुलगा दर दोन मिनिटांनी 'फाऊल' ओरडायचा. शेवटी त्याच्याच संघाने त्याला सांगितले, की बाबा, पुरे. १० सेकंद मोजायचे म्हटले, की पोरे ते तीन सेकंदांत संपवायची. मग त्यांनीच ठरवले, की प्रत्येक आकड्याआधी 'गणपती' म्हणायचे. एक गणपती, दोन गणपती. हा नियम जगात कुठल्याच पुस्तकात नाही, पण आमच्या पटांगणावर चालतो.

ती ढाल

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. सामना ६-६ असा बरोबरीत होता. सातवीतल्या एका मुलीने टोकाच्या पट्ट्यात उडी मारून तबकडी झेलली. तिच्या संघाने जल्लोष केला. ती उठली, गुडघ्याची माती झटकली आणि म्हणाली, "नाही रे. माझा पाय बाहेर होता." समोरच्या संघातल्या कोणी ते पाहिलेही नव्हते. तबकडी त्यांना गेली, त्यांनी गुण केला, ते जिंकले. गोष्ट इथे गोड होत नाही. वर्तुळात समोरच्या संघाने तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या; तिच्या स्वतःच्या संघातल्या दोघी पुढचा आठवडाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. पुढच्या शनिवारी ती येते की नाही, याची मला धाकधूक होती. ती आली.

त्या दिवशी घरी जाताना मी मुख्याध्यापकांच्या खोलीत डोकावलो. भिंतीवर तालुका कबड्डी स्पर्धेची ढाल आहे. आपल्या दहावीच्या वर्षीची. तुमच्यापैकी जे त्या संघात होते त्यांना तो सामना पाठ असेल. आपण एका गुणाने पुढे. त्यांची शेवटची चढाई. चढाई करणारा बारीक, सावळा मुलगा; त्याने मागे फिरता फिरता हात टाकला आणि मध्यरेषा गाठली. तो ओरडला, लागला! पंचांना दिसले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी दोन्ही हात वर केले आणि मान हलवली. शिट्टी झाली. आपण जिंकलो.

त्याची बोटे माझ्या पोटरीला लागली होती. मला ती आजही तिथे जाणवतात.

तो मुलगा पंचांकडे गेला, वाद घातला, रडला. त्याच्या मास्तरांनी त्याला दंडाला धरून बसवले. गुण दिला असता तर बरोबरी झाली असती. जादा डावात कदाचित आपणच जिंकलो असतो. ही समजूत मी पुष्कळ वर्षे वापरली आहे. परत येताना एसटीत आपल्या पीटीच्या सरांनी मला शेजारी बसवून हळूच विचारले होते, "लागला होता का रे?" मी म्हणालो, "नाही सर." सर खिडकीबाहेर बघत राहिले. पुन्हा कधी त्यांनी विषय काढला नाही.

सर, आपण मेळाव्याला येणार आहात असे कळले. हा अंक आपल्या हातात पडेल. लागला होता, सर.

संघातल्या मित्रांनो, तुमच्या आठवणीतल्या विजयाला मी असा डाग लावला, त्याबद्दल क्षमा करा. त्या मुलाचे नाव मला कधी कळले नाही. त्याच्या शाळेत जाऊन विचारायचे माझ्या मनात आहे. तीही शाळा माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरवत असेल. ढाल काढून टाका, असे मी म्हणत नाही; तिचे काय करायचे ते शाळेने ठरवावे. मला एवढेच सांगायचे आहे, की त्या दिवशी खरे-खोटे ठरवायला पंच होता म्हणून मी स्वतःला सोडवून घेऊ शकलो. त्यांनी निर्णय दिला, माझा काय दोष? सातवीतल्या त्या मुलीला ही पळवाट नव्हती, आणि तिला ती नको होती.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी ८ वाजता, भाषणे सुरू व्हायच्या आधी, पटांगणावर आजी विद्यार्थी विरुद्ध माजी विद्यार्थी असा सामना ठेवला आहे. फक्की मी मारून ठेवीन. गुडघे दुखत असतील त्यांनी वर्तुळात उभे राहण्यासाठी तरी यावे. मुले आपल्याला हरवणार, यात शंका नाही. पंच नसेल. पाय बाहेर पडला, की आपला आपण सांगायचा.